खाल्लेले अंगी का लागत नाही? : जुनाट अपचन आणि लहान आतडे

(सांगली येथे आरोग्यविषयक व्याख्यानात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय जुनाट अपचन आणि त्यातील लहान आतड्याचे कार्य हा आहे. प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. मी वैद्य नव्हे. शास्त्रज्ञांनी आणि वैद्यकांनी सिद्ध केलेली माहिती सामान्य नागरिकांपर्यंत त्यांना समजेल अशा भाषेत पोचविणे एवढेच माझे काम आहे. त्यामुळे मी आज कोणतेही औषध सांगणार नाही. मात्र औषध घेण्याची वेळ कोणती, आणि स्वतःच्या मनाने औषध घेणे थांबविण्याची वेळ कोणती, हे अवश्य सांगणार आहे.

आपल्या मराठी भाषेत दोन वेगवेगळे शब्दप्रयोग आहेत. एक, 'अन्न पचत नाही' आणि दुसरा, 'खाल्लेले अंगी लागत नाही'. आपण ते एकाच अर्थाने वापरतो. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मोठा भेद आहे. जेवणानंतर पोट जड होणे, करपट ढेकर येणे, छातीत जळजळणे या पहिल्या प्रकारच्या तक्रारी होत. पोटभर जेवूनही वजन घटणे, अशक्तपणा येणे, चेहरा पांढुरका पडणे या दुसऱ्या प्रकारच्या. पहिल्या तक्रारींचा संबंध पुष्कळदा जठराशी असतो. दुसऱ्या तक्रारींचा संबंध मात्र बहुधा लहान आतड्याशी असतो, आणि तिकडे आपले लक्ष फार उशिरा जाते. जठरासाठी सोडा, चूर्ण आणि गोळ्या घेण्यात महिनेच्या महिने निघून जातात. खरा बिघाड मात्र त्याच्या खाली, वीस फुटांच्या नळीत, तसाच वाढत राहतो.

भाकरीचा प्रवास

समजा, जत किंवा आटपाडीकडील एखाद्या शेतकऱ्याने दुपारी ज्वारीची भाकरी, आमटी आणि ताक असे जेवण केले. तोंडात चर्वण झाले, जठरात ते आम्लरसात घुसळले गेले. सामान्य समजूत अशी की, येथे पचन संपले. वस्तुतः येथे केवळ पूर्वतयारी होते. जठर हे अन्नाचे कोठार आणि घुसळण्याचे यंत्र होय. कर्करोगासारख्या कारणाने संपूर्ण जठर काढून टाकावे लागलेली माणसे थोडे थोडे खाऊन आणि ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेऊन वर्षानुवर्षे जगतात. परंतु लहान आतडे जवळजवळ सर्वच काढावे लागले, तर शिरेवाटे पोषणद्रव्ये दिल्यावाचून माणूस जगू शकत नाही. एवढ्यावरून दोहोंचे महत्त्व ध्यानात यावे.

लहान आतड्याची लांबी साधारणतः सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट असते. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग सुमारे बारा बोटे लांबीचा. त्याला आद्यांत्र म्हणतात. यकृताकडून येणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच अन्नात मिसळतात. मधल्या भागास मध्यांत्र आणि शेवटच्या भागास शेषांत्र अशी नावे आहेत. भाकरीतील पिष्टाची साखर, डाळीतील प्रथिनांची त्यांच्या मूळ घटकांत फोड आणि तेलाचे सूक्ष्म कण हे सर्व मुख्यतः या नळीत तयार होते आणि तेथूनच रक्तात व लसवाहिन्यांत शोषले जाते. लोह, कॅल्शियम आणि फॉलिक आम्ल हे प्रामुख्याने वरच्या भागात शोषले जातात. ब-१२ जीवनसत्त्व मात्र अगदी शेवटच्या भागातच शोषले जाते.

हे शोषण शक्य होते ते आतड्याच्या आतील अस्तरामुळे. या अस्तरावर मखमलीच्या धाग्यांप्रमाणे लक्षावधी सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना वैद्यकात व्हिलाय म्हणतात. त्यांच्यामुळे शोषणाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. पूर्वी पाठ्यपुस्तकांत ते टेनिसच्या मैदानाएवढे सांगितले जात असे; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीनुसार संपूर्ण अन्नमार्गाचे आतील क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते, आणि त्याचा बहुतांश भाग लहान आतड्याचा आहे. आपण प्यालेले पाणी आणि शरीरात स्रवणारे पाचकरस मिळून दररोज सुमारे नऊ लिटर द्रव या नळीत उतरतो. त्यांपैकी सात ते आठ लिटर ती परत शोषून घेते. अस्तरावरील पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. म्हणजेच ज्या अस्तराच्या जोरावर आपण आज जेवलो, ते पुढच्या आठवड्यात तेच राहिलेले नसते. अस्तराच्या सतत नूतनीकरणासाठी पुन्हा चांगले अन्नच लागते. आतडे बिघडले की पोषण घटते आणि पोषण घटले की आतडे अधिक बिघडते, असे हे दुष्टचक्र आहे.

आणखी एक गोष्ट. जेवणानंतर पोट फार वेळ जड राहते, तेव्हा आपण जठराला दोष देतो. परंतु जठराने किती वेगाने रिकामे व्हावे हे बऱ्याच अंशी आद्यांत्र ठरविते. त्यात स्निग्ध पदार्थ उतरले की तेथून विशिष्ट संप्रेरक स्रवते आणि जठराला थांबण्याची सूचना मिळते. तळलेले खाल्ल्यावर पोट जड वाटते, त्याचे हे एक कारण होय. कोणताही व्रण नसताना अपचनाने त्रस्त असलेल्या काही रुग्णांच्या आद्यांत्रात सौम्य दाह आढळतो, असेही अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. अर्थात, प्रत्येक अपचन हे आतड्याच्या गंभीर रोगाचे लक्षण असते असा याचा अर्थ नव्हे. बहुसंख्य तक्रारी आहारातील सुधारणेने आणि साध्या उपचारांनी बऱ्या होतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

संग्रहणी : जुने नाव, नवे ज्ञान

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची जाणीव नव्हती असे नाही. आयुर्वेदात 'ग्रहणी' हे अग्नीचे स्थान मानले असून, अन्न पचेपर्यंत धरून ठेवते ती ग्रहणी, अशी तिची कल्पना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांनाच वाहिलेला आहे. मराठीतील 'संग्रहणी' हा शब्द त्याच परंपरेतून आला. महिनोन्‌महिने चालणारे पातळ, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच, तोंड येणे, अन्नावरील वासना उडणे आणि देह वाळत जाणे, असे या रोगाचे चित्र जुन्या माणसांच्या परिचयाचे आहे. आधुनिक वैद्यकात उष्ण प्रदेशातील स्प्रू या नावाने ज्या रोगाचा अभ्यास झाला, त्याचे चित्र याच्याशी पुष्कळसे जुळते. त्यात आतड्यातील मखमल झिजून खुरटी होते.

या रोगावरील उपचाराचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज महिला वैद्यक मुंबईस आल्या. तेथील कापड गिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रियांना गरोदरपणात प्राणघातक पंडुरोग होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत हाती घेतले. यीस्टच्या अर्कापासून बनविलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या स्त्रियांचे रक्त भरून येते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केले गेलेले फॉलिक आम्ल होय. ते लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. स्प्रूमध्ये नेमके हेच शोषण खुंटते. १९४० नंतरच्या दशकात स्प्रूच्या रुग्णांना फॉलिक आम्ल देताच त्यांच्यात झपाट्याने सुधारणा दिसू लागली. आज गावोगावी आशा कार्यकर्ती गरोदर भगिनींना लोह आणि फॉलिक आम्लाच्या ज्या गोळ्या देते, त्यांच्यामागे मुंबईच्या गिरणगावातील त्या अनाम स्त्रियांचा इतिहास आहे.

दूध, पाणी आणि जंत

आता जुनाट अपचनाची आतड्यातील नित्याची कारणे पाहू. सांगली जिल्हा दुधासाठी प्रसिद्ध आहे. तरीही 'मला दूध सोसत नाही, ताक मात्र चालते' असे सांगणारी माणसे घरोघरी आढळतात. हा नखरा नव्हे. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य आतड्याच्या अस्तरावर असते. बाल्यावस्था संपल्यानंतर अनेक माणसांत ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते; पोट गुडगुडते, फुगते, शौचास पातळ होते. दही-ताकात ही साखर काही अंशी आधीच आंबलेली असते, म्हणून ते सोसते. अशा माणसाने दूध बेताने घ्यावे आणि दही-ताक घ्यावे, एवढेच पुरते. त्यासाठी वर्षभर औषधे घेण्याचे प्रयोजन नाही.

दुसरे कारण दूषित पाणी. कृष्णा आणि वारणा या नद्यांनी या जिल्ह्याला समृद्धी दिली, तसेच महापूरही दिले. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरतो, चिखल निघतो. परंतु पाण्याच्या स्रोतांत मिसळलेली घाण पुष्कळ दिवस उपद्रव देत राहते. जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव अशा पाण्यातून पोटात जातो आणि आतड्याच्या वरच्या भागास चिकटून राहतो. त्याने फार तीव्र जुलाब होतीलच असे नाही. कुजकट ढेकर, पोटफुगी, तेलकट शौच आणि हळूहळू घटणारे वजन एवढीच त्याची खूण असते, आणि तिला आपण 'अपचन' म्हणून मोकळे होतो. शौच तपासणीत तो ओळखता येतो आणि अल्पमुदतीच्या औषधाने बरा होतो. पाणी उकळून पिणे हा सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय.

लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. वारंवार जंतुसंसर्ग झाल्याने आतड्यातील मखमल सतत दुखावलेली राहते. मूल खाते, परंतु वाढत नाही. आई म्हणते, 'खातो चांगला, पण अंगाला लागत नाही.' ती अगदी बरोबर बोलत असते. अशा मुलाला केवळ अधिक खाऊ घालून भागत नाही. स्वच्छ पाणी, शौचालय आणि हात धुण्याची सवय हीही त्याच्या आहाराचाच भाग समजली पाहिजेत. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखांना, शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयोगटास जंतनाशक गोळी विनामूल्य दिली जाते. तिचा लाभ कोणीही चुकवू नये.

काही थोड्या माणसांना गव्हातील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याचा विकार होतो. उत्तर भारतात तो अधिक आढळतो. ज्वारी आणि बाजरी यांत हे प्रथिन नसते. मात्र अशी शंका आल्यास तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. कारण गहू सोडल्यावर रक्ततपासणीत रोग सापडेनासा होतो. तसेच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ चे शोषण घटू शकते आणि आतड्यात नको त्या जंतूंची वाढ होऊ शकते. अपचनावरील औषध हेच अपचनाचे एक कारण व्हावे, हे टाळण्यासारखे आहे.

पोटातील क्षय

आता मी अशा कारणाकडे वळतो की, ज्यासाठी मुख्यतः हा विषय निवडला. ते कारण म्हणजे आतड्याचा क्षय. क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत आहे. परंतु क्षयाचे जंतू लहान आतड्यातही ठाण मांडतात, आणि त्यांची आवडती जागा म्हणजे लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तो, बेंबीच्या उजवीकडील खालचा भाग. तेथे अन्न थोडे रेंगाळते आणि लसपेशींचे पुंजकेही तेथेच अधिक असतात. जंतूंमुळे तेथे व्रण पडतात, आतडे जाड होते आणि वाट अरुंद होते. मग जेवणानंतर कळ येते आणि 'पोटात गोळा फिरतो'. हा गोळा म्हणजे अरुंद वाटेतून अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याने केलेली धडपड असते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, सायंकाळी बारीक ताप, अन्नद्वेष आणि उतरत जाणारे वजन ही त्याची इतर लक्षणे होत.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे अवघ्या २७ वर्षांच्या वयात राजयक्ष्म्याने निधन पावले. त्यांच्या आतड्यांनाही क्षयाने ग्रासले होते, असे सांगितले जाते. राज्याचा धनी असूनही त्यांना उपाय मिळाला नाही, कारण त्या काळी उपाय अस्तित्वातच नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. सर विल्यम वानलेस हे कॅनेडियन मिशनरी शल्यवैद्य १८८९ साली या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उभारले. सांगली-मिरज मार्गावरील वानलेसवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम होते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे त्या काळच्या आरोग्यधामांजवळ देण्यासारखे फारसे काही नव्हते. पुढे स्ट्रेप्टोमायसीन व त्यानंतरची औषधे आली आणि चित्र पालटले. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि तपासणीची व उपचारांची सोय या भागातील सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

आज आतड्याचा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बरा होतो. शासकीय आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. उपचार चालू असताना सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या बँक खात्यात एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. म्हणजे माधवरावांना जे लाभले नाही, ते आज जतच्या शेतमजुराला लाभू शकते. अडचण औषधांची नाही. निदानाला लागणाऱ्या विलंबाची आहे. छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही पोटात क्षय असू शकतो. म्हणून 'फोटो चांगला आला' एवढ्यावर समाधान मानू नये. सोनोग्राफी, आवश्यक तर सी. टी. स्कॅन, दुर्बिणीची तपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची परीक्षा यांवरून निदान होते. विलंब झाला तर आतड्याची वाट बंद होते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

आणखी एक अडसर लोकलज्जेचा आहे. घरातील सुनेला किंवा उपवर मुलीला क्षय आहे असे समजले तर लोक काय म्हणतील, या भीतीने 'तिचे पोट नाजूक आहे' असे सांगून दिवस काढले जातात. क्षय केवळ पोटात असेल, तर खोकल्यावाटे पसरणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाप्रमाणे तो घरातील इतरांना सहसा लागत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. फुप्फुसाची तपासणी मात्र सोबत करून घ्यावी. दूध उकळूनच वापरण्याची आपली जुनी पद्धत याही दृष्टीने हितकर आहे. जनावरांच्या क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून पोटात जाऊ शकतात.

आतड्याचे सामर्थ्य

रोगांच्या या यादीने कोणी खचून जाऊ नये, म्हणून आतड्याच्या सामर्थ्याचाही एक दाखला देतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पटकीने जर्जर झालेल्या आतड्यातही साखर आणि मीठ एकत्र शोषून घेणारी यंत्रणा शाबूत असते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते, हे तत्त्व तत्पूर्वी सिद्ध झाले होते. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आरोग्य केंद्रात मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी ती हीच. मुलांच्या जुलाबात ती आणि सोबत १४ दिवस जस्ताची गोळी दिल्यास आतडे लवकर सावरते. योग्य साहाय्य मिळाले तर हे इंद्रिय स्वतःला पुन्हा घडविते.

काय करावे?

बंधू-भगिनींनो, अपचन दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर पुढील गोष्टी स्वतःस विचारा. विनाकारण वजन कमी झाले आहे काय? सायंकाळी ताप येतो काय? रक्त कमी असल्याचे सांगितले असून लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही काय? शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारे किंवा रक्तमिश्रित आहे काय? रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागते काय? जेवणानंतर पोटात गोळा फिरतो काय? मुलाची उंची-वजन वयाच्या मानाने मागे आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर सोडा आणि चूर्ण बाजूस ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्ताची व शौचाची साधी तपासणी तेथून सुरू होते, आणि गरज पडल्यास पुढे ग्रामीण रुग्णालयात व मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत पाठविले जाते. वैद्यकांना तक्रार सांगताना 'अपचन आहे' एवढेच म्हणू नये. किती दिवसांपासून आहे, वजन किती घटले आणि आजवर कोणती औषधे घेतली, हे स्पष्ट सांगावे. घरातील स्त्रिया स्वतःच्या तक्रारी शेवटी सांगतात. त्यांना हे प्रश्न घरातील इतरांनी विचारावेत.

या जिल्ह्यातील शेतकरी द्राक्षाच्या वेलीचे पान पिवळे पडले की मुळाशी जाऊन पाहतो. पानावर रंग चढवीत बसत नाही. शरीराच्या बाबतीतही तोच न्याय आहे. वनस्पतीचे मूळ जमिनीत असते. माणसाचे पोषण शोषणारे मूळ त्याच्या लहान आतड्यात असते. खाल्लेले अंगी लागत नाही, अशी तक्रार यापुढे आपल्या घरात ऐकू आली, तर तिची तपासणी त्याच महिन्यात व्हावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.